तेल मोजलं, वरण घट्ट केलं: शाकाहारी ताटातून नऊ किलो

७८ किलोवरून ६९ वर यायला मला आठ महिने लागले. स्वयंपाक घरचाच, भात आणि भाकरी दोन्ही चालू ठेवली.

आधी तेल हाताळलं. फोडणीला आपण अंदाजाने तेल ओततो आणि तो अंदाज कायम सढळ असतो. एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिली तेलात साधारण १२० कॅलरी. कांदेपोहे, भाजी, आमटी, रात्रीची उसळ मिळून माणशी तीन-चार चमचे सहज जातात. म्हणून एक तारखेला माणशी अर्धा लिटर तेल वेगळ्या बाटलीत काढून ठेवायचं आणि महिनाभर तेवढंच वापरायचं. पहिल्या महिन्यात वीस तारखेलाच बाटलीचा तळ दिसला, तेव्हा तेल जातंय कुठे ते कळलं. कढई जाड बुडाची घ्या. भाजी तळाला लागायला लागली की तेल वाढवू नका. वर ताट झाकून त्यात पाणी ठेवा आणि तेच गरम पाणी लागेल तसं चमच्याने आत सोडा.

खरी उणीव मात्र प्रोटीनची असते. वाटीभर पातळ वरणात डाळ जेमतेम १५-२० ग्रॅम, म्हणजे प्रोटीन चार ग्रॅमच्या आसपास. पाऊणशे किलोच्या माणसाला दिवसाला निदान ६० ग्रॅम लागतं. ते कमी पडलं तर पोट भरल्यासारखं वाटत नाही, चार वाजता फरसाणाचा डबा उघडला जातो आणि चरबीबरोबर स्नायूही झिजतात. माझं माप असं: कोरडी डाळ ४० ग्रॅम, वरण चमच्यावर उभं राहील इतकं घट्ट. कोरडी मटकी ५० ग्रॅम, मोड आणून. सोयाचंक ३० ग्रॅम. उकळत्या पाण्यात भिजवून दोनदा घट्ट पिळले की उग्र वास जातो. दही पाव किलो. तीन भाकऱ्यांमधूनही दहा-बारा ग्रॅम मिळतं. कच्च्या मोडांनी पोट फुगतं, म्हणून उसळ शिजवूनच, हिंग घालून.

उपवासाने वजन उतरतं हा समज सोडा. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. त्यावर दाण्याचं कूट, तूप, बटाटा. त्याऐवजी ४० ग्रॅम भगर, दही आणि काकडी. कूट वाईट नाही, पण दोन मोठे चमचे म्हणजे शंभरेक कॅलरी. कोशिंबिरीत एकच घाला.

वजन सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, रोज लिहायचं आणि आठवड्याची सरासरी पाहायची. पहिल्या आठवड्यातली मोठी घट बरीचशी पाण्याची असते. पुढे आठवड्याला पाव ते अर्धा किलो पुरे. सरासरी तीन आठवडे हलली नाही, तर चहा मोजा: दोन चमचे साखरेचे चार कप म्हणजे नुसत्या साखरेच्या १६० कॅलरी.

आठवड्यातून तीनदा उठाबशा आणि भिंतीला टेकून जोर. बी-१२ एकदा तपासून घ्या, शाकाहारात ते कमी पडतं. मधुमेहाची औषधं चालू असतील तर जेवण कमी करण्याआधीच डॉक्टरांना सांगा. तोच डोस राहिला तर साखर एकदम उतरू शकते.