नेढ्याजवळचे बेट

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी पहाटे आम्ही दहा जण ट्रान्समाउंटन रस्त्याच्या माथ्यावर, स्मगलर्स पास नावाच्या खिंडीत गाडीतून उतरलो. मी टेक्सासमधल्या एल पासो शहरात भूविज्ञान शिकवते. त्या दिवशी पदवीच्या नऊ विद्यार्थ्यांना फ्रँकलिन डोंगररांगेच्या धारेवरून दक्षिणेकडे चालवत न्यायचे आणि संध्याकाळपर्यंत मॅकेलिगन कॅन्यनमध्ये उतरायचे, असे ठरले होते. दुसरी गाडी आदल्या रात्रीच खाली लावून ठेवली होती. ही वाट रॉन कोलमन ट्रेल म्हणून ओळखली जाते. अंतर जेमतेम सहा किलोमीटरांचे, पण धार अरुंद आहे आणि मध्ये कातळावर हातपाय टेकून चढावे लागते. त्यातून दर शंभर पावलांवर थांबून वही काढायची म्हटल्यावर पूर्ण दिवस हातात ठेवावाच लागतो. वाटेत पाण्याचा थेंब मिळत नाही, म्हणून प्रत्येकाच्या पाठीवर तीन लिटर पाणी आहे की नाही, हे मी स्वतः पाहिल्याशिवाय कोणाला पुढे सोडले नाही.

ही रांग उत्तरेकडून शहरात पाचरीसारखी घुसते आणि शहर तिच्या दोन्ही अंगांनी पसरलेले आहे, त्यामुळे धारेवर उभे राहिले की डाव्या हाताला एक एल पासो दिसते आणि उजव्या हाताला दुसरे. दक्षिणेला रिओ ग्रांदे नदी आणि तिच्यापलीकडे मेक्सिकोतले सिउदाद हुआरेस. एल पासोची वस्ती पावणेसात लाखांच्या आसपास, हुआरेसची पंधरा लाखांच्या घरात, आणि वरून पाहताना दोन्ही शहरांची घरे एकमेकांत मिसळून गेलेली दिसतात. एवढ्या वस्तीला लागून असलेला हा डोंगर मात्र पुरता उघडा आहे. झाडे म्हणावीत अशी नाहीतच. आहेत ती ओकोटीयोची काटेरी छड्यांची झुडपे, फड्या निवडुंग, आणि लेचुगिया नावाची घायपाताच्या कुळातली बुटकी वनस्पती, जिची पाने टाचेपासून गुडघ्यापर्यंत कुठेही सुरीसारखी घुसतात. निघाल्यावर पहिल्या तासाभरातच एका मुलाच्या पोटरीत तिचे टोक रुतले. चिमट्याने ते काढून, जखम धुऊन पट्टी बांधली तेव्हा तो पुढे चालू लागला.

मी पुण्याची. वयाच्या पंधराव्या वर्षापासून सह्याद्रीत भटकले आहे, त्यामुळे डोंगर वाचायची माझी सवय बेसाल्टवर घडलेली आहे. आपल्याकडे लाव्ह्याचे थर एकावर एक आडवे पडलेले असतात, कडा पाहिला की पायऱ्या मोजाव्यात तसे ते मोजता येतात, आणि सगळी रास साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीची, म्हणजे भूविज्ञानाच्या हिशेबात एकाच बैठकीत उरकलेली. इथे यातले काहीच लागू पडत नाही. रिओ ग्रांदेच्या खोऱ्याची जमीन ताणली जाऊन भेगाळली, तेव्हा हा डोंगर पूर्वेकडच्या विभंगावर, म्हणजे जमीन सरकलेल्या भेगेवर, एका बाजूने उचलला गेला, म्हणून त्याचे थर पश्चिमेकडे कललेले आहेत. पूर्वेच्या उतारावर सर्वांत जुने खडक उघडे पडले आहेत आणि पश्चिमेकडे उतरावे तसे नवे खडक लागत जातात. जमिनीवर उघडलेले आणि तिरके धरलेले पुस्तक, असे मी मुलांना सांगते.

या पुस्तकात एक मोठी जागा कोरी आहे, आणि तीच दाखवण्यासाठी मी दर वर्षी या वाटेने येते. धारेवरचा तांबूस, कठीण रायोलाइट हा सुमारे 111 कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींचा खडक आहे. त्याच्यावर बसलेला ब्लिस वालुकाश्म, ज्याला जवळच्याच फोर्ट ब्लिस या लष्करी तळाचे नाव मिळाले, तो पन्नास कोटी वर्षांपेक्षाही थोडा अलीकडचा, एका उथळ समुद्राच्या काठी साचलेला. दोघांच्या मधल्या साठ कोटींहून अधिक वर्षांची एकही नोंद तिथे नाही. त्या काळात जे काही साचले असेल ते झिजून गेले. याला आम्ही विसंगती म्हणतो. सह्याद्रीचा लाव्हा ओतला गेला त्याला आज जेवढा काळ लोटला आहे, तसे नऊ काळ त्या एका रेघेत मावतात, आणि विद्यार्थ्याने एक तळवा खालच्या खडकावर आणि दुसरा वरच्यावर ठेवला की त्याला पुढे फार समजावून सांगावे लागत नाही. त्या दिवशीही माझे बोलणे असेच तयार होते. सलग चार वर्षे तेच बोलत आले होते.

दुपारी बाराच्या सुमारास आम्ही धारेच्या पश्चिम अंगाला, वाटेपासून थोडे खाली एका कातळाशी बसलो. खाली तांबडा रायोलाइट, वर करड्या-तपकिरी रंगाचा थर, मधली रेघ डोळ्यांना स्पष्ट. मी सांगितले की हा वरचा ब्लिस वालुकाश्म, आणि सगळ्यांनी वहीत रेघ मारून दोन्ही बाजूंना खडकांची नावे लिहिली. राज्य उद्यानात दगड फोडायला किंवा उचलायला बंदी आहे, त्यामुळे हातोडा आणलेला नव्हता. भिंग, सुरी, नती म्हणजे थरांचा कल मोजायचे उपकरण आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाची छोटी बाटली, एवढेच प्रत्येक गटाकडे होते. एका मुलाने वरच्या थरावर आम्लाचा थेंब टाकला. थेंब तसाच बसून राहिला, फेस आला नाही. चुनखडक असता तर तो फसफसला असता, म्हणून मी म्हटले, पाहा, वालुकाश्मच आहे.

आमच्या वर्गात हुआरेसहून रोज पूल ओलांडून येणारी एक मुलगी आहे. पहाटे चारला उठून पुलावरच्या रांगेत उभी राहते आणि तरीही तासाला कधी उशिरा आलेली नाही. वर्गात ती फारशी बोलत नाही. त्या दिवशी ती सगळ्यांच्या मागे राहून खडकाशी डोके टेकवून बसली होती. मी पुढे निघायची तयारी करत असताना ती म्हणाली, "प्रोफेसर, याला सुरीने ओरखडा पडतो आहे."

मी जाऊन पाहिले. तिच्या सुरीखाली पांढुरकी, बोटभर लांबीची खाच पडली होती आणि खाचेत पिठासारखी बारीक भुकटी होती. वालुकाश्म गारेच्या, म्हणजे क्वार्ट्झच्या, कणांचा असतो आणि गार सुरीला दाद देत नाही. उलट खडकावर पात्याच्या पोलादाची काळी रेघ उमटायला हवी होती. मी काही बोलायच्या आत तिने त्या भुकटीवर आम्लाचा थेंब टाकला आणि भुकटी बारीक आवाज करत फसफसली. अखंड खडकावर गप्प आणि भुकटीवर बोलका, असे वागणारा खडक म्हणजे डोलोमाइट, चुनखडकाचाच एक भाऊबंद. पहिल्या वर्षाच्या प्रयोगशाळेत मी हे स्वतः शिकवते. माझ्यासमोर वालुकाश्म नव्हताच. त्याच्याही वरचा, एल पासो शैलसमूहातला डोलोमाइट थेट रायोलाइटवर बसला होता.

मी चुकले होते, आणि चूक आजची नव्हती. याच कातळाशी बसून मागच्या चार तुकड्यांना मी हेच सांगितले होते, आणि कोणी सुरी लावली नव्हती, मीही नाही. रंग ओळखीचा, जागा ओळखीची, म्हणून खडकाला काही विचारलेच नाही. मी मुलांना परत बोलावले, चूक झाली असे स्पष्ट सांगितले आणि वहीतले नाव खोडायला लावले. मग प्रश्न उभा राहिला की वालुकाश्म गेला कुठे.

माझा पहिला अंदाज विभंगाचा होता. दोन खडकांच्या मध्ये जमीन सरकली असेल, तर मधला थर कापला जाऊन नाहीसा होऊ शकतो, आणि या रांगेत विभंगांना तोटा नाही. पण विभंग असेल तर तो खुणा ठेवतो. खडक एकमेकांवर घासल्याचे गुळगुळीत ओरखडे, चुरा झालेल्या तुकड्यांचा पट्टा, दळल्यासारखी माती. आम्ही दहा जण त्या रेघेवर गुडघे टेकून जवळजवळ पाऊण तास शोधत होतो. ओरखडा नाही, चुरा नाही. रायोलाइटचा माथा ओबडधोबड, खळगे पडलेला होता आणि डोलोमाइट त्या खळग्यांत, साच्यात ओतल्यासारखा बसला होता. त्याच्या तळच्या वीतभर थरात सुपारीएवढे तांबडे गोटे रुतलेले दिसत होते, कडा गोलसर झालेले, खालच्या रायोलाइटचेच. वर जावे तसे ते लहान होत गेले होते आणि दोन विती वर एकही उरला नव्हता. सरकलेल्या जमिनीत गोटे असे गोल होत नाहीत. त्यांना लाटांनीच घोळवले असणार.

मी मुलांना ती रेघ न सोडता दक्षिणेकडे चालायला सांगितले. साठ-सत्तर पावलांवर दोन खडकांच्या फटीत करंगळीएवढ्या जाडीची तपकिरी पट्टी दिसू लागली. सुरीने तिला ओरखडा गेला नाही, पात्याची काळी रेघ उमटली. आणखी पुढे ती हातभर झाली, मग पुरुषभर. हा वालुकाश्म. उत्तरेकडे येताना तो पातळ होत होत संपत होता, जशी लाट वाळूत चढत येऊन संपते.

त्या मुलीने आपली वही हातात तिरकी धरली होती. कललेले थर पुन्हा आडवे होईपर्यंत ती वही फिरवत राहिली आणि मग तिने चित्र काढले: मध्ये रायोलाइटची टेकडी, तिच्या पायथ्याशी दोन्ही बाजूंनी येऊन थांबलेली वाळू, आणि टेकडी बुडाल्यावर सगळ्यांवरून पसरलेला डोलोमाइट. "म्हणजे आपण बेटावर बसलो आहोत," ती म्हणाली. तिचे बरोबर होते. समुद्र आत आला तेव्हा रायोलाइटच्या टेकड्या पाण्याबाहेर राहिल्या, वाळू त्यांच्या अवतीभवती साचली, आणि पाणी आणखी चढले तेव्हाच त्या झाकल्या गेल्या. या डोंगरांत ब्लिस वालुकाश्म काही ठिकाणी अजिबात नाही, हे भूवैज्ञानिकांनी फार पूर्वीच लिहून ठेवले आहे आणि मी ते वाचलेलेही होते. पण ते या कातळाबद्दल असेल असे कधी मनात आले नव्हते. त्या क्षणी मला जो आनंद झाला तो वीस वर्षांत क्वचित झाला आहे.

"बेटावर तेव्हा काय असेल?" एकाने विचारले. मी सांगितले की मुळे धरणारी झाडे अजून पृथ्वीवर आलीच नव्हती, त्यामुळे उघडा खडक, ऊन आणि वारा. त्याने आजूबाजूला पाहिले आणि पुढे काही विचारले नाही.

नेढे, म्हणजे धारेच्या कातळातले आरपार भोक, ओलांडायला आम्हाला साडेतीन झाले. इथे त्याला विंडो म्हणतात, पण राजगडाचे नेढे पाहिलेल्या माणसाच्या तोंडी दुसरा शब्द येत नाही. आरपार कातळातून वारा असा घुसत होता की टोप्या हातात धराव्या लागल्या. तिथल्या कातळावर लावलेल्या लोखंडी साखळीच्या आधाराने एकेकाला उतरवताना पोटरीला पट्टी बांधलेला मुलगा थोडा थांबला, पण मधल्या खाचेत पाय कुठे ठेवायचा ते खालून सांगत राहिल्यावर तोही नीट उतरला. पूर्वेच्या उतारावर पायाखालून तांबडे खडे सुटत होते आणि घरंगळत घळीत जात होते. हेच खडे पुरांबरोबर वाहत पूर्वेच्या हुएको बोल्सनमध्ये जातात. विभंगाच्या त्या बाजूला खचलेले हे खोरे अशाच गाळाने शेकडो मीटर भरले आहे आणि त्या गाळात मुरलेले पाणी एल पासोही उपसते आणि हुआरेसही. मी हे सांगितले तेव्हा ती मुलगी म्हणाली की आमच्या घरच्या नळाला तेच पाणी येते.

मॅकेलिगन कॅन्यनमध्ये उतरलो तेव्हा ऊन कड्याच्या फक्त माथ्यावर उरले होते. तिथे ब्लिस वालुकाश्म चांगला जाड आहे. गाडीकडे जायच्या आधी मी मुलांना त्यातल्या उभ्या नळ्या दाखवल्या, पेन्सिलीएवढ्या रुंदीच्या, शेजारी शेजारी दाटीने उभ्या. समुद्रकाठच्या ओल्या वाळूत राहणाऱ्या किड्यासारख्या प्राण्यांची ती बिळे. हुआरेसच्या त्या मुलीने एका बिळाच्या तोंडावर करंगळीचे टोक ठेवले आणि वर, जिथून आम्ही आलो होतो त्या धारेकडे पाहिले. बेटाचा किनारा इथून तिथपर्यंत कुठेतरी होता.

सोमवारी कार्यालयात मी विद्यार्थ्यांना वाटायचा तो छेद, म्हणजे डोंगर उभा कापल्यासारखे थर दाखवणारे चित्र, बाहेर काढला. चार वर्षांपूर्वी मीच काढलेला, डोंगराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग तपकिरी पट्टा असलेला. खोडरबराने तो मधून पुसला, दोन्ही टोके निमुळती केली आणि मोकळ्या जागेत रायोलाइटची टेकडी तांबड्या पेन्सिलीने भरली. मग मागच्या चार तुकड्यांतल्या विद्यार्थ्यांचे पत्ते शोधून प्रत्येकाला नवा छेद पाठवला आणि सोबत लिहिले की तुमच्या वहीतले त्या कातळावरचे नाव खोडा, ते मी चुकीचे सांगितले होते.