लेन्स आणि पाणी

आज पावसाळी रविवार. भुशी धरणाच्या पायऱ्यांवर भिजणाऱ्यांत कॉन्टॅक्ट लेन्स लावलेले बरेच असणार, म्हणून हे लगेच लिहितोय.

लेन्सचं खरं वैर पाण्याशी. धबधबा, विहीर, स्विमिंग पूल, अगदी फिल्टरचं पाणीसुद्धा. त्यात अकँथामिबा नावाचा सूक्ष्मजीव असू शकतो. तो लेन्सला चिकटतो आणि बुबुळावर बारीक ओरखडा असेल तर आत शिरतो. उपचार महिनोन् महिने चालतात, कधी बुबुळ बदलावं लागतं. त्यामुळे भिजायचं असेल त्या दिवशी चष्मा. आंघोळीलाही लेन्स नको.

हात साबणाने धुऊन कोरडे करा. ओल्या बोटांनी पाणीच लेन्सवर जातं. काढलेली लेन्स तळहातावर सोल्युशन (लेन्स धुण्याचं जंतुनाशक द्रव) घेऊन बोटाने हलकेच चोळा. बाटलीवर 'नो रब' लिहिलेलं असलं तरी चोळाच. डबीतलं कालचं सोल्युशन ओतून टाका. त्यातच नवं घालणं ही काटकसर महागात पडते, कारण जंतुनाशक विरळ होतं. सलाईनने (नुसत्या मिठाच्या पाण्याने) तर जंतू मरतच नाहीत. सकाळी डबी सोल्युशनने विसळून, टिश्यूवर उलटी, उघडी वाळवा. दर 3 महिन्यांनी नवी घ्या. मंथली लेन्स पाकीट फोडल्यापासून महिनाभरच, 'मी दोनदाच लावली' हा हिशेब चालत नाही. लेन्स लावून झोपू नका.

डोळा लाल, दुखरा, उजेड सोसवेना? लेन्स काढा, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा, लेन्स डबीसकट न्या (तपासणीला लागते). मेडिकलमधून स्टेरॉइडचे थेंब आणून घालू नका, जंतुसंसर्ग त्याने भडकू शकतो.