निगेटिव्ह स्कॅन करताना आधी धूळ

कागद स्कॅन करणाऱ्या साध्या मशीनवर निगेटिव्ह नीट येत नाही. झाकणात दिवा असलेला फ्लॅटबेड, म्हणजे सपाट काचेचा स्कॅनरच घ्या. आपल्या विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात फिल्मवर स्थिर वीज साचते आणि धूळ ओढली जाते. म्हणून पंखा-कूलर बंद करा, फिल्म कडेने धरा, रबरी ब्लोअरने हवा मारा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे डाग पडतात.

२४०० डीपीआयला (एका इंचात २४०० ठिपके) ३५ मिमीची फ्रेम साधारण ३४०० × २२७० पिक्सेल होते. घरच्या अल्बमला पुष्कळ. पाट्यांवरची अक्षरं उलटी दिसली तर फिल्म पालथी लागली आहे.

स्कॅनरमधली इन्फ्रारेडने (डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांनी) धूळ काढण्याची सोय रंगीत निगेटिव्हवर सुरेख चालते. कृष्णधवलवर मात्र ती बंदच ठेवा: चांदीचे कण इन्फ्रारेड अडवतात, मग चेहऱ्यावरचे बारकावेच धूळ समजून पुसले जातात.