एका जाळीपायी लसूणघासाचा अख्खा हंगाम गेला (माझा अनुभव)

मी लसूणघास या चारापिकावर पीएचडी करतोय. माव्याला, म्हणजे पानांचा रस शोषणाऱ्या बारीक किडीला, बळी न पडणारं आणि थंडीतही न थांबता वाढणारं वाण निवडायचं, असा विषय. घरी म्हशी आहेत, मावा आला की चाऱ्यावर फवारायचं आणि थोड्या दिवसांनी तोच चारा त्यांच्यापुढे टाकायचा हे लहानपणापासून बघत आलोय, म्हणून विषय मी मागून घेतला.

पद्धत अवघड नाही. ट्रेमध्ये बी दाट पेरायचं, रोपं कोवळी असतानाच मावा सोडायचा, मरतील ती मरू द्यायची, वाचलेली लावून त्यांचं आपापसात बी धरायचं, आणि परत तेच. कॅलिफोर्नियाच्या उष्ण भागासाठी सत्तरच्या दशकात निळ्या माव्याला टिकणारं सीयूएफ १०१ हे वाण असंच निवडीतून आलं.

पण ट्रेवर बारीक जाळी हवीच, नाहीतर बाहेरचे किडे आत शिरतात. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ऑफिसात मागणी दिली. तीन कोटेशनं मागितली, दिली. एकावर जीएसटी नंबर नाही म्हणून फाईल परत. मग जाळी खर्चाच्या कुठल्या हेडखाली टाकायची ते ठरेना, यात डिसेंबर संपला. मग सहीवाले साहेब ट्रेनिंगला. रोज अकराला जाऊन उभा राहायचो, 'टेबलावर आहे' एवढंच ऐकायचो. इकडे मावा थांबतोय का? मादी नराशिवायच जिवंत पिल्लं देते, आठ-दहा दिवसांत ती पिल्लंही द्यायला लागतात. जानेवारीत शेतात माव्याच्या चिकट्याने पानं हाताला चिकटत होती आणि माझे ट्रे रिकामे.

शेवटी जाळीशिवायच मावा सोडला. चाळीसेक रोपं टवटवीत राहिली, मला आनंद मावेना. गाईडनी भिंग लावलं, तर पानामागे ढालकिड्याची अळी. तिनेच मावा खाल्ला होता, रोपांत काहीच नव्हतं. सगळी उपटली. जाळी आली मार्चच्या मध्यात, तोवर ऊन तापलं आणि मावा गायब.

म्हणून सांगतो, मागणी जूनमध्येच द्या, कोटेशनवरचे नंबर स्वतः तपासा आणि फाईलचा जावक क्रमांक लिहून घ्या. आणि मलमल आणून ठेवा. पुढच्या वर्षी मी बांबूच्या चौकटींवर शिंप्याकडून मलमलीच्या खोळी शिवून घेतल्या, पैसे माझे, पण काम दोन दिवसांत. जाळी फाटली तरी आता मी अडत नाही.

हो, बी घेताना अमरवेलाचं (पिकाला विळखा घालून त्यावरच जगणारं तण) बी आधी वेगळं करा, हे वर सांगायचं राहिलं. आणि बी धरताना मधमाश्यांच्या पेट्या ठेवा, फूल माशीने उघडल्याशिवाय शेंग नीट धरत नाही.

थंडीतली वाढ बघायला डिसेंबरात कापून पंचवीस दिवसांनी उंची मोजली, थंड देशातली वाणं तेव्हा जमिनीलगत झोपून असतात. खोळीतून वाचलेल्यांपैकी अकरा रोपं गुडघ्यापर्यंत आली होती. त्यांचं बी परवाच ट्रेमध्ये टाकलंय.