घरचं कॉकपिट, नोंद ९: मोशनचा बेत रद्द, आधी ब्रेक

गेल्या नोंदीत मी मोठ्या तोंडाने लिहिलं होतं की यंदा घरच्या फ्लाइट सिम्युलेटरच्या खुर्चीखाली मोशन प्लॅटफॉर्म (विमानाबरोबर खुर्ची हलवणारा सांगाडा) बसवणार. तो बेत रद्द केलाय.

मामेभाऊ एअरबसचं ए३२० प्रवासी विमान उडवतो. त्याच्या ओळखीने लेव्हल डी (सगळ्यात वरच्या दर्जाच्या) फुल फ्लाइट सिम्युलेटरमध्ये तासभर बसायला मिळालं. सहा इलेक्ट्रिक पायांवर उभी असलेली खोली, आत हुबेहूब कॉकपिट. घरापेक्षा वेगळं काही जाणवलं तर ते हलणंच असेल, असं मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात माझी फजिती झाली ती हातापायांनी.

आधी स्टिक, म्हणजे विमान वळवायचा दांडा. इथे आपण घरी बसणारे नशीबवान. ए३२० ची खरी साइडस्टिकसुद्धा मुळात स्प्रिंग आणि डॅम्परच आहे. एलेव्हेटरवर (नाक वरखाली करणाऱ्या शेपटीच्या फळीवर) हवेचा किती जोर आहे ते ती हाताला सांगत नाही. शेजारच्याने त्याची स्टिक ओढली तरी आपली जागची हलत नाही. कॉम्प्युटरकडे नुसती मागणी जाते: पिचमध्ये (नाक वरखाली) इतके जी (गुरुत्वाच्या इतके पट), रोलमध्ये (पंख कलताना) सेकंदाला इतके अंश, जास्तीत जास्त १५. त्यामुळे माझी हॉल सेन्सरवाली (चुंबकाने जागा ओळखणारी) टीसीए स्टिक प्लास्टिकची असली तरी एअरबसपुरती खोटी नाही. तीच सेसना १७२ या छोट्या विमानाला लावली की फसवते. सेसनात ट्रिमचं (हातावरचा जोर उतरवणारं) चाक फिरवलं की योक (तिथलं स्टिअरिंग) धरलाय तिथेच हलका होतो. घरी स्प्रिंगचा मध्य जागचा हलत नाही, म्हणून ट्रिम करता करता स्टिक सोडत मध्यावर आणावी लागते. फ्लाइंग क्लबात जायचा विचार असेल तर ही उलटी सवय आत्ताच ओळखून ठेवा.

तरीही ए३२० च्या पहिल्या अप्रोचला (उतरायला येताना) मी विमान डुलवतच आणलं. मामेभाऊ उजव्या सीटवरून म्हणाला, "अरे, कणीक मळतोयस का? हात टेक आणि मनगट हलव." गोम आर्मरेस्टमध्ये होती. तो उंचीला आणि कलाला, दोन्हीला जुळवता येतो. हात कोपरापासून त्यावर पडून राहतो आणि काम फक्त मनगट करतं. माझी स्टिक टेबलावर आणि कोपर अधांतरी. परत आल्यावर बुधवारी जुन्या बाजारातून ऑफिसच्या खुर्चीचा एक सुटा हात दीडशे रुपयांना आणला (विकणारा अडीचशे म्हणत होता), स्टिक मांडीच्या पातळीला उतरवली आणि दोन वर्षं घोळत बसलेले सेन्सिटिव्हिटीचे (स्टिक किती हलली की विमानाने किती ऐकायचं याचे) सगळे कर्व्ह पुसून टाकले. आता सरळ रेषा आहे आणि पुरते.

मग ब्रेक. मुंबईच्या २७ नंबरच्या धावपट्टीवर बऱ्यापैकी टेकलो, ऑटोब्रेक (आपोआप लागणारा ब्रेक) लावला नव्हता, घरच्या सवयीने पेडल खाली रेटले आणि दोघेही खांद्याच्या पट्ट्यांवर लटकलो. घरच्या पेडलमधला पोटेन्शिओमीटर पेडल किती खाली गेलं ते मोजतो. पायाच्या लक्षात राहतो तो जोर, अंतर नाही.

ते लटकणंही गंमतशीर आहे. वेग वगैरे काही कमी झाला नव्हता, खोली फक्त पुढे झुकली होती. पायांची धाव थोडीशीच असते, तेवढ्यात लांबलचक ब्रेकिंग दाखवणार कसं? म्हणून खोली कलते, आपलंच वजन पट्ट्यांवर येतं, समोरचं क्षितिज मात्र सरळ राहतं आणि मेंदू फसतो. टेकऑफला हेच मागे कलून. मग आपल्याला कळणार नाही इतक्या सावकाश सगळं पुन्हा मध्यावर येतं. हे जमतं कारण पडदा खोलीबरोबर कलतो. माझी खुर्ची कलेल आणि मॉनिटर टेबलावर तसाच राहील, म्हणजे क्षितिजच नाकासमोर वरखाली होणार. पैसे खर्चून मळमळ कशाला?

त्या पैशातले थोडे पुण्याच्या तापकीर गल्लीत गेले: दोन ५० किलोचे लोडसेल (अंतराऐवजी जोर मोजणारे), दोन एचएक्स७११ बोर्ड (लोडसेलचं वाचन आकड्यांत देणारे), एक अर्डुइनो लिओनार्डो हा छोटा कंट्रोलर बोर्ड (त्याचा भाऊ युनो घेऊ नका, लिओनार्डो पीसीला थेट जॉयस्टिक म्हणून दिसतो). पहिल्या दिवशी ब्रेक अर्धवट झोपेत असल्यासारखे लागत होते. कारण एचएक्स७११ मुळात सेकंदाला १० च वाचनं देतो. चिपची १५ नंबरची पिन ग्राउंडला जोडलेली असते. ती उचलून शेजारच्या १६ ला जोडली की ८० होतात. पिन उचलताना हात थरथरला तर दुसरा बोर्ड आणावा लागतो, मी आणला. पेडलमागे स्प्रिंगऐवजी गॅरेजमधून आणलेले दोन रबरी बुश बसवलेत.

टिलरचं (जमिनीवर नाकाचं चाक वळवायच्या हँडलचं) काम फुकटात झालं. पेडलने नाकाचं चाक ६ अंशच वळतं, टिलरने ७५. म्हणून स्टिकचा ट्विस्ट टिलरला दिला आणि रडर (शेपटीचं सुकाणू) पूर्णपणे पायाकडे. टॅक्सीवेवर गवतात जाणं बंद झालंय.

अडचण एकच उरलीय. जोरात ब्रेक मारला की विमान थांबतं आणि चाकांची खुर्ची मागे पळते. सध्या खुर्ची आणि कपाट यांच्यामध्ये गव्हाचा डबा अडकवलाय. रविवारी आईचं दळण आहे, त्याआधी फळी ठोकायला हवी.