तुम्ही विचारलंत म्हणून: 'इन्टू द फायर' बंद का पडला?

'बॅबिलॉन 5: इन्टू द फायर' या अंतराळातल्या लढाईच्या, कधी बाजारात न आलेल्या कॉम्प्युटर गेमचा विषय काढला की हमखास हाच प्रश्न येतो, की भंगार होता म्हणूनच रद्द केला असेल ना? नाही हो. आणि हे नीट सांगायलाच हवं, कारण असं ऐकलं की त्यावर राबलेल्या माणसांसाठी वाईट वाटतं.

बॅबिलॉन 5 ही 1994 ते 1998 चाललेली, अंतराळात घडणारी अमेरिकन टीव्ही मालिका. तिच्यातलं स्टारफ्युरी हे छोटं लढाऊ यान नीट बघा, एक्स आकारात चार पंख आणि इंजिनं पंखांच्या टोकांना, मधोमध नाहीत, त्यामुळे ते जागच्या जागी गर्रकन फिरतं. त्या काळातल्या विंग कमांडर, एक्स-विंग अशा गेम्समध्ये यान विमानासारखं उडायचं, थ्रॉटल (इंजिनाचा जोर) कमी केला की हळू व्हायचं, पण अंतराळात हवाच नाही तर वेग कमी होणार कसा? इन्टू द फायरमध्ये न्यूटनचे नियम खरेखुरे पाळायचं ठरलं होतं. म्हणजे इंजिन बंद केलं तरी यान त्याच वेगात जात राहणार, तुम्ही फक्त नाक मागे फिरवायचं आणि उलटं जाता जाता पाठीला लागलेल्यावर फायर करायचं. थांबायचं असेल तर मात्र तेवढाच जोर उलट्या दिशेने लावायचा, जरा उशीर झाला की गेलात पुढे! असं उडणं 1993 च्या फ्रंटियर या गेममध्येही होतं हे मान्य, पण स्टारफ्युरीचा आकारच त्यासाठी होता, म्हणून मला ही जोडी इतकी आवडते. शिवाय मालिकेतल्या कलाकारांना घेऊन सीन शूट केलेले, संगीत मालिकेच्याच क्रिस्टोफर फ्रँकेचं.

मग झालं काय, तर हा गेम बनवणाऱ्या सिएरा कंपनीचे मालकच बदलत राहिले. 1996 मध्ये ती सीयूसी या अमेरिकन कंपनीने घेतली, सीयूसीची सेंडंट झाली, 1998 मध्ये सेंडंटच्या हिशेबातला घोटाळा बाहेर आला आणि गेम्सचा सगळा धंदा फ्रान्सच्या हवास कंपनीकडे गेला. 22 फेब्रुवारी 1999 ला कॅलिफोर्नियातल्या ओकहर्स्टचा स्टुडिओ बंद, जिथे हा गेम बनत होता आणि जिथे संस्थापक केन आणि रॉबर्टा विल्यम्स यांनी सिएरा वाढवली होती. तरी टीममधले लोक गेमचं काम रेटत राहिले बिचारे. सप्टेंबरमध्ये पुन्हा पुनर्रचना आली, आणि त्यात इतर काही प्रोजेक्ट्सबरोबर हाही गेला. मालिका संपून वर्ष होत आलेलं, म्हणजे वरच्यांच्या दृष्टीने खर्च वाचवायला सोपी जागा. मला हे पटत नाही, आजही नाही.

आणि खेळायचंच असेल तर एक वाट आहे. त्याच सप्टेंबरच्या शेवटी फ्रीस्पेस 2 हा अंतराळातल्या लढाईचा गेम आला, 2002 मध्ये तो बनवणाऱ्या व्होलिशनने त्याचा सोर्स कोड (मूळ प्रोग्राम) खुला केला आणि त्यावर चाहत्यांनी 'द बॅबिलॉन प्रोजेक्ट' उभा केला, फुकट, हौसेने. स्टारफ्युरी त्यात आहे. जॉयस्टिक असेल तर तीच वापरा.