तक्रारीचा टाळ

तो कोणत्या दिंडीत टाळकरी आहे ते शोधून मी त्याच दिंडीत नाव नोंदवलं होतं. विठ्ठल नंतर.

आळंदीत समोर आला तर म्हणाला, "या माउली." वारीत सगळेच माउली. चहा देणारा, पायावर पाय देणारा, गर्दी आवरणारा पोलीससुद्धा. त्या हाकेत माया असते. ओळख न दाखवण्याची सोयही असते, हे मला तिथं कळलं.

1996 साली आम्ही आठवीत होतो. वर्गातून सहलीचे पैसे गेले आणि संशय त्याच्यावर आला, कारण सहलीला पैसे न भरलेला तो एकटाच. खरं तर त्या तासाला तो माझ्याबरोबर नदीवर होता, तास बुडवून. एवढंच मी सांगायचं होतं. पण माझे वडील त्याच शाळेत मास्तर. मी खाली बघत राहिलो. त्यानंही माझं नाव घेतलं नाही. पुढच्या आठवड्यात त्याची जागा रिकामी.

पुणे ते सासवड हा सगळ्यात लांबचा टप्पा, बत्तीसेक किलोमीटर, मध्ये दिवेघाट. मुक्कामी पोचलो तेव्हा दोन्ही तळव्यांना फोड. तो सुई-दोरा घेऊन आला. "पाय वर घ्या, माउली." फोडातून दोरा ओवून ठेवला की पाणी झिरपून जातं. मान खाली घालून तो काम करत होता आणि सांगायचं ते माझ्या घशात अडकलं होतं. नीरेत पादुकांना स्नान झालं, लोणंद झालं, चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं. घोड्यांच्या टापांखालची माती लोक कपाळाला लावत होते. मी नाही लावली. का, ते नीट सांगता येणार नाही.

त्या संध्याकाळी तरडगावच्या तळावर समाज आरती. हजारो टाळ वाजत असतात. चोपदार हातातला दंड, म्हणजे चोप, उंचावतो आणि सगळं एकदम शांत होतं. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवत राहते. मग चोपदार तिकडे जातात, ऐकून घेतात, जागेवर निवाडा करतात. हरवलेल्या वस्तूंचा पुकारा होतो आणि मगच आरती. माउलींचा पालखी सोहळा सुरू करणाऱ्या हैबतबाबांची ही शिस्त मला कुठल्याही कोर्टापेक्षा शहाणी वाटते. त्या दिवशी मागे कुठंतरी एका दिंडीचे टाळ वाजत राहिले होते. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याचे टाळ त्याच्या हातात, गप्प.

रात्री राहुटीत त्याला सगळं सांगितलं. नदी, तो तास, मास्तरांची भीती. माफी मागताना शब्द फार झाले, असं आता वाटतं. तो टाळांची दोरी आवळत होता.

"बापानं त्याच आठवड्यात शाळेतनं काढला," तो म्हणाला. "उसाच्या ट्रॅक्टरवर बसवला. अजून तेच करतोय." थोड्या वेळानं, "तू सांगशील म्हणून मी थांबलो होतो. दोन दिवस."

एवढं बोलून त्यानं कंदील बारीक केला आणि कुशीवर वळला. मला झोप लागली नाही. लागली तेव्हा बहुतेक दोन वाजले असतील.

कुणीतरी खांदा हलवला. बाहेर अंधारच होता.

"ऊठ. टँकर आलाय, रांग लागायच्या आत आंघोळ उरक," तो म्हणाला. "आणि तो दोरा काढू नको अजून."